राजमान्य राजेश्री बिस्फेनॉल-ए साहेब यांस अनावृत पत्र

सेवेशी,
राजमान्य राजेश्री बिस्फेनॉल-ए साहेब,
मुक्काम पोस्ट आमचे रक्त, आमचे दूध, आमचे गर्भजल.

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे फार दिवस राहून गेले आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००३-०४ मध्ये सहा वर्षांपासून पुढच्या वयाच्या २,५१७ लोकांची लघवी तपासली, तेव्हा शंभरातल्या ९३ जणांत आपण हजर होतात. पुढे युरोपातल्या अकरा देशांत प्रौढांची तपासणी झाली, तिथेही ९२ टक्के. आमचे पुढारी घरोघरी पोचण्याच्या गप्पा मारतात. आपण एक शब्द न बोलता माणसामाणसात पोचलात.

आणि एवढे करून आपला साधेपणा किती! बाटलीवर आपले नाव नाही, डब्यावर नाही, पावतीवर नाही. बिस्किटाच्या पुड्याला मीठ किती, साखर किती हे छापावे लागते. आपल्याला कुणी तेवढीही तोशीस लागू दिली नाही.

कुणाचे आभार मानतो आहोत हे माहीत असावे, म्हणून आपल्या कुळाची थोडी चौकशी केली. अलेक्सांद्र दिआनिन या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये आपल्याला घडवले. फिनॉलचे दोन रेणू, ॲसिटोनचा एक, एवढाच आपला संसार. मग चाळीसेक वर्षे आपल्याला काही काम नव्हते. ते मिळता मिळता राहिले १९३० च्या दशकात, लंडनमध्ये. चार्ल्स डॉड्स तिथे स्त्री-संप्रेरकासारखे, म्हणजे इस्ट्रोजेनसारखे वागणारे एखादे स्वस्त कृत्रिम रसायन शोधत होते. त्यांनी आपल्यालाही तपासले आणि १९३६ मध्ये जाहीरपणे छापले, की होय, यांच्यात तो गुण आहे. औषध म्हणून आपली निवड झाली नाही, कारण १९३८ मध्ये त्यांना डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कितीतरी जोरकस द्रव्य सापडले. गर्भपात टळावा म्हणून ते पुढे लाखो गरोदर बायकांना देण्यात आले. १९७१ मध्ये उघडकीस आले, की त्या गर्भांतून जन्मलेल्या काही मुलींना ऐन तारुण्यात योनिमार्गाचा एरवी अतिशय दुर्मीळ असलेला कर्करोग होतो आहे.

हे सगळे मी मुद्दाम लिहिते आहे. आपण संप्रेरकासारखे वागता ही गोष्ट काही उशिरा फुटलेले गुपित नाही. आपली पहिली ओळखच ती आहे. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीतले हेरमान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधले डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांना न विचारता, आपल्यापासून पॉलिकार्बोनेट बनवले. काचेसारखे आरपार दिसणारे, आपटले तरी न फुटणारे प्लॅस्टिक. तेव्हा डॉड्स यांचा तो निबंध सतरा वर्षांचा झाला होता. तो वाचून कुणी थांबले नाही. औषधाच्या दुकानात ज्याला उभे करायचे की नाही असा विचार झाला होता, त्याला सरळ स्वयंपाकघरात आणून बसवले.

आपल्या कामाची पद्धतही मोठी अदबशीर आहे. विषाने माणूस तडफडतो, ओकतो, दवाखान्यात जातो, पंचनामा होतो. आपण तसा गवगवा करत नाही. शरीरात इस्ट्रोजेन ज्या पेशींना निरोप देते, त्याच पेशींशी आपणही बोलता. कुणी घरच्या कर्त्या बाईच्या आवाजात फोन करून कामाची माणसे हलवावीत, तसे. मोठ्या माणसाचे यकृत आपल्याला काही तासांत बांधून लघवीवाटे घालवून देते, हे मान्य. पण आपण गेलात की मागून दुसरा घोट येतो, त्यात पुन्हा आपणच. आणि ज्या गर्भात मेंदू, स्तन, अंडाशय, पुरस्थ ग्रंथी अजून घडत असतात, तिथे निरोप चुकीच्या दिवशी पोचला तर तो परत घेता येत नाही. गर्भजलात आपण सापडला आहात, नाळेतल्या रक्तात सापडला आहात, आईच्या दुधात सापडला आहात. बाळाच्या आधी बाळाच्या घरी जाऊन बसणारे असे दुसरे कोण आहे?

बाळाचा विषय निघालाच आहे, तर आयांच्या वतीनेही आभार घ्यावेत. कितीतरी वर्षे दुधाच्या बाटल्या पॉलिकार्बोनेटच्या होत्या. घरात बाळ आले की पातेल्यात पाणी खळखळ उकळायचे, त्यात बाटली, बूच, चोखणी टाकायची, चिमट्याने काढून स्वच्छ फडक्यावर पालथी घालायची आणि दूध भरायचे. जंतू जायला हवेत, एवढी एकच चिंता. सिनसिनाटी विद्यापीठात २००८ मध्ये पॉलिकार्बोनेटच्या पाण्याच्या बाटल्यांवर प्रयोग झाला. जुनी बाटली असो की नवी, फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो उष्णतेने. उकळते पाणी ओतल्यावर आपण १५ ते ५५ पट वेगाने पाण्यात उतरलात. म्हणजे जी आई जास्त जपत होती, जास्त उकळत होती, तिच्याच बाळावर आपली जास्त मर्जी. त्या बायकांना हे कुणी सांगितले नव्हते. त्यांच्या काळजीचा असा वापर करून घेतल्याबद्दल मी आपल्याला कधीही क्षमा करू शकत नाही, हेही आभारांसोबतच नोंदवून ठेवते.

आमच्या उन्हाळ्याचेही आपण सोने केलेत. अकोला, चंद्रपूर, परभणीकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास घुटमळत असतो. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते, म्हणून लोक जार विकत घेतात. उघडा टेम्पो, त्यावर निळसर, पारदर्शक, वीस लिटरचे जार आडवेतिडवे रचलेले, वरून टळटळीत ऊन. उचलताना जारचा तळ जरा बघावा. घासून घासून पांढुरका झालेला असतो आणि मधोमध बाणांच्या त्रिकोणात ७ हा आकडा दिसतो. सातात पुष्कळ प्लॅस्टिके मोडतात, पण पारदर्शक, कडक, पुन्हा पुन्हा भरायचे जार बहुधा पॉलिकार्बोनेटचेच असतात. (एक लिटरच्या साध्या, चेपणाऱ्या बाटलीच्या तळाशी १ असतो. ते वेगळे प्लॅस्टिक, त्यात आपण नसता. खोटा आरोप आपल्यावर करायचा नाही.) लग्नात, कचेरीत, शाळेत, दवाखान्याच्या ओसरीवर तोच जार. हार्वर्डच्या ७७ विद्यार्थ्यांनी एक आठवडा थंड पेये पॉलिकार्बोनेटच्या बाटलीतून प्यायली, तर त्यांच्या लघवीत आपले प्रमाण दोन-तृतीयांशाने वाढले. ती मुले गार पाणी पीत होती. आमचा जार उन्हात तापलेला असतो.

इंडोनेशियात असेच मोठे जार घरोघरी जातात. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये नियम केला, की पॉलिकार्बोनेटच्या जारवर आपण पाण्यात उतरू शकता असे छापलेच पाहिजे. कंपन्यांना त्यासाठी चार वर्षांची मुदत दिली, पण लिहायला लावले. आमच्या जारवर फक्त डोंगर, झरा आणि 'शुद्ध'.

डबाबंद खाण्यात आतल्या अस्तरातून आपण भेटता, तेही खरे. हार्वर्डच्याच आणखी एका प्रयोगात पाच दिवस रोज एक वाटी डब्यातले सूप घेतलेल्या लोकांत आपण बारा-तेरा पट झालात. आमच्या बहुतेक घरांत अजून आमटी घरीच शिजते, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

पण पावतीवर बोलायलाच हवे. ती जागा आपण कशी शोधून काढलीत याचे मला खरोखर नवल वाटते. माझ्या पर्सच्या तळाशी दोन-चार पावत्या नेहमी असतात. गुळगुळीत, चकचकीत, बोटांना किंचित गार लागणारा कागद. महिन्याभरात त्यावरचे आकडे उडून जातात. त्यावर नख जोरात ओढावे, नखाच्या घर्षणाने शाईशिवाय काळी रेघ उठते. छापणाऱ्या यंत्रात शाई नसतेच. कागदावरच्या लेपात एक रंगहीन द्रव्य असते आणि त्याचा रंग फुलवणारे आपण, नाहीतर आपले भाऊबंद. उष्णता लागली की दोघे भेटता आणि रक्कम दिसते. प्लॅस्टिकमध्ये आपण निदान साखळीत बांधलेले असता. इथे मोकळे, भुकटीसारखे, पहिल्या बोटाला लागायला तयार.

मिसूरी विद्यापीठात लोकांना हाताला सॅनिटायझर चोळून अशी पावती धरायला लावली आणि त्याच हाताने बटाट्याचे तळलेले काप खायला दिले. त्यांच्या रक्तात आणि लघवीत आपण चढलात, कारण सॅनिटायझर त्वचेचा पहारा सैल करतो. हा अभ्यास २०१४ चा. त्यानंतर सहा वर्षांनी आम्ही दुकानाच्या दारात सॅनिटायझर आणि काउंटरवर पावती, असा नेमच धरला.

काउंटरच्या पलीकडच्या मुलीचे काय? दिवसभर तिच्या अंगठ्याखालून आणि तर्जनीवरून पावत्या सरकत असतात. मध्येच ती डबा उघडते, चपातीचा तुकडा मोडते, पुन्हा मशीनकडे वळते. कधी कधी ओढणीआडून तिचे पोट दिसते, पाचवा-सहावा महिना असावा. सिनसिनाटीच्या परिसरातल्या गरोदर बायकांच्या एका अभ्यासात आपले सर्वाधिक प्रमाण कॅशियर बायकांत आढळले होते. आमच्याकडच्या या मुलीला तिच्या हातातल्या कागदात काय आहे ते कुणी सांगत नाही. सुट्टी मागितली तर पगार कापला जाईल, हे मात्र सांगतात. बसचा कंडक्टर, टोलनाक्यावरचा पोरगा, पेट्रोल पंपावरची बाई, साऱ्यांच्या बोटांवर आपली कृपा.

आता जरा मोकळे बोलते. 'आपण' म्हणायची सवय सुटत चालली आहे, क्षमा असावी.

ऑगस्ट १९९८. क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट उंदरांच्या बीजांडांवर काम करत होत्या. अचानक काही भलतेच दिसू लागले. ज्या उंदरांना काहीही दिले नव्हते, नुसते तुलनेसाठी ठेवले होते, त्यांच्याच बीजांडांत गुणसूत्रे विस्कटलेली. एरवी शंभरात एक-दोन बीजांडे अशी निघत. त्या खेपेला चाळीस. हवा तपासली, खाणे तपासले. शेवटी धागा लागला तो पिंजरे धुणाऱ्या खोलीत. एका हंगामी कामगाराने पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या फरशीसाठी असलेल्या तीव्र अल्कधर्मी साबणाने धुतल्या होत्या. प्लॅस्टिक झिजले आणि तुम्ही बाहेर पडून उंदरांच्या पाण्यात उतरलात. हंट यांनी पुढची काही वर्षे तो अपघात मुद्दाम पुन्हा घडवून खात्री केली, मग २००३ मध्ये प्रसिद्ध केले.

मुलीची सगळी बीजांडे ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे गरोदर बाईने घेतलेला पाण्याचा घोट तिच्यापाशी थांबत नाही, पोटातल्या मुलीपाशीही थांबत नाही, त्या मुलीच्या पुढच्या बाळापर्यंत जातो. हंट यांच्याच प्रयोगशाळेने २००७ मध्ये उंदरांत हे दाखवून दिले. आजीच्या पेल्यातून नातवंडाला हात लावणाऱ्या तुमच्या या लांब हातांना मी काय म्हणू? उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे तुमचे पाठीराखे लगेच सांगतील. बरोबर आहे. माणसाच्या गर्भावर असा प्रयोग करता येत नाही आणि करूही नये. म्हणूनच तर उंदराने दिलेली हाक वेळेवर ऐकायची असते.

पाठीराख्यांचेही आभार मानते, त्यांनी तुमच्यासाठी केले ते सख्ख्या भावाने केले नसते. २००४ अखेरपर्यंतचे तुमच्यावरचे, अल्प मात्रेत केलेले प्राण्यांवरचे अभ्यास दोन संशोधकांनी एकत्र मांडले. सरकारी पैशातून झालेल्या १०४ अभ्यासांपैकी ९४ मध्ये परिणाम दिसला. उद्योगांच्या पैशातून झालेल्या ११ पैकी एकाही अभ्यासात दिसला नाही. एकातही नाही! मे २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉसमॉस क्लबमध्ये रसायने, डबे आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांची बैठक भरली. तिचे टिपण वृत्तपत्रांच्या हाती लागले. तुमची बाजू मांडायला सर्वात उत्तम कोण, याचाही विचार त्यात होता. देशभर फिरून तुमचे फायदे सांगायला तयार असलेली एखादी तरुण गरोदर बाई. ज्या गर्भाला सर्वात जास्त धोका, तोच व्यासपीठावर नेऊन बसवायचा. हे वाचल्यावर मला तुमच्याहून त्या खोलीतल्या माणसांची जास्त भीती वाटली. तुम्ही रेणू आहात, तुम्हाला लाज नसते.

तरी तुमचे दिवस भरत आले होते. बाळाच्या बाटल्यांतून तुम्हाला काढण्याची घोषणा कॅनडाने २००८ मध्ये पहिल्यांदा केली, युरोपने २०११ मध्ये, अमेरिकेने २०१२ मध्ये. भारतीय मानक ब्यूरोने २०१५ मध्ये बाळाच्या प्लॅस्टिक बाटलीच्या मानकात तुम्हाला मनाई केली. आमच्या बाळांच्या बाटलीतून तुम्ही कागदावर तरी गेलात, पण जार आणि पावती राहिलीच. दोन वर्षांचे मूल बाटली सोडते आणि जारचे पाणी प्यायला लागते.

युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये तुमची रोजची सुरक्षित मात्रा वजनाच्या दर किलोला ४ मायक्रोग्रॅम धरली होती. एप्रिल २०२३ मध्ये ती ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. वीस हजार पटींनी कमी! साठ किलोच्या माणसाला आधी दिवसाला २४० मायक्रोग्रॅम चालत होते, आता १२ नॅनोग्रॅम. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेला हे पटले नाही, तिने दर किलोला २०० नॅनोग्रॅम सुचवले. तुमच्या बाजूचा एवढा मोठा साक्षीदार मी लपवत नाही. पण तोसुद्धा जुन्या मर्यादेच्या वीस पट खाली उभा आहे. मग आजवर ज्यांनी जुन्या मर्यादेच्या भरवशावर पाणी प्यायले, त्यांनी कुणाकडे दाद मागायची? डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नपाण्याला लागणाऱ्या वस्तूंत तुमच्यावर बंदी घातली. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन अजून म्हणते, की सध्याच्या प्रमाणात तुम्ही सुरक्षित आहात.

आणि जाताना वारस नेमून जाण्याची तुमची तत्परता! बाजारात गेले की प्रत्येक बाटलीवर 'बीपीए-फ्री' लिहिलेले दिसते. आई बिचारी दोनशे रुपये जास्त देऊन ती उचलते. तुमच्या जागी पुष्कळदा बिस्फेनॉल-एस किंवा बिस्फेनॉल-एफ येऊन बसलेले असतात. तुमचेच चुलतभाऊ, इस्ट्रोजेनसारखेच वागणारे. युरोपने २०२० पासून पावतीच्या कागदातले तुमचे प्रमाण ०.०२ टक्क्यांवर आणले, तर तिथे मोठ्या प्रमाणावर आले ते बिस्फेनॉल-एस. पॅट्रिशिया हंट यांच्या नशिबी तर तोच प्रसंग दुसऱ्यांदा आला. वीस वर्षांनी, आता वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात, पिंजरे बदलून दुसऱ्या प्लॅस्टिकचे घेतलेले. ते खराब झाले आणि उंदरांचे आकडे पुन्हा बिघडले. तपासले तर बिस्फेनॉल-एस. हे त्यांनी २०१८ मध्ये छापले. एका बाईने आयुष्यात दोनदा एकच धोक्याची घंटा वाजवायची आणि तरी आम्ही लेबलावरच्या तीन अक्षरांवर निर्धास्त व्हायचे.

तेव्हा आमची विनंती एकट्या तुमच्यापुरती नाही. तुमचे सगळे कुळ घेऊन जावे. संप्रेरकासारखे वागते असे एकदा कळलेले कोणतेही द्रव्य आमच्या पाण्यात आणि बोटांवर येण्याआधी त्याने आपण निरुपद्रवी असल्याचा पुरावा द्यावा. आजवर उलटे चालले. तुम्ही आत आलात आणि पुरावा आम्ही द्यायचा, आमच्या लघवीने, आमच्या गर्भांनी, उंदरांच्या बीजांडांनी. १९३६ ते २०२४, अठ्ठ्याऐंशी वर्षे तुम्ही संशयाचा फायदा घेतलात. तो फायदा यापुढे काउंटरवरच्या मुलीला मिळावा.

निघेपर्यंत निदान एवढे करा. जारवर तुमचे नाव लिहू द्या, मोठ्या अक्षरात, मराठीत, त्या डोंगर-झऱ्याच्या शेजारी. पावतीच्या मागे लिहू द्या. मोबाइलवर पावती मागितली तर दुकानदाराने कागद काढू नये, एवढी मुभा द्या. उन्हात जार ठेवणाऱ्याला दंड व्हावा. यातले एकही काम प्रयोगशाळा उभारून करायचे नाही, छापखाना आणि एक परिपत्रक पुरते.

कळावे.

आपली नम्र,
शंभरातल्या त्र्याण्णवांपैकी एक

प्रत माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव : जार भरणारे, पावतीचे रोल विकणारे, आणि मानके ठरवणारे सर्व संबंधित.